अक्कांची ओव्हर

लातूरच्या एका हॉटेलात मी मालकाला जातीयवादी म्हणालो, आणि मालक आमच्याच समाजाचा निघाला.

बसल्या जागी हळू आवाजात म्हणालो असतो तर निभावलं असतं. मी खुर्चीवरून उठून, एक हात कमरेवर ठेवून म्हणालो. झालं असं, की माझ्याच टेबलावर समोर दोन ड्रायव्हर बसले होते. त्यांना काचेच्या ग्लासात चहा आला आणि मला कागदी कपात. मी कप बघितला, ग्लास बघितले, परत कप बघितला. महिनाभर डोक्यात काहीतरी शिजून राहिलं होतं, ते उतू गेलं. सुरुवात मी राज्यघटनेपासून केली, मधे माणुसकीवर आलो. "आमचे ओठ तुमच्या ग्लासाला चिकटतात काय?" असं एक वाक्य टाकलं, ते मला तेव्हा फार आवडलं होतं. भजी खाणाऱ्यांचे हात थांबले. कढईत घाणा करपायला लागला तरी आचारी हलेना. समोरच्या ड्रायव्हरनं तर आपला उष्टा ग्लास हळूच माझ्याकडं सरकवला. म्हणजे एवढ्यावर मिटत असेल तर मिटू दे.

मालक गल्ल्यामागून उठून आला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, भाषण एक नंबर हाय. फक्त एकदा मागं वळून बघा."

मी वळलो. मागच्या भिंतीवर बुद्धाची हातभर तसबीर. बाजूला निळं कॅलेंडर. खाली पंचशीलाचा झेंडा. आणि त्याखाली ठळक अक्षरात पाटी : 'सर्दी-खोकला असणाऱ्यांना चहा कागदी कपात मिळेल. राग मानू नये.'

हॉटेलात शिरल्यापासून मी चार वेळा शिंकलो होतो.

"पाटी कुणी लावली?" मी विचारलं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

"आत्यानं. नांदेडला असतेत. रिटायर सिस्टर हायत, त्यांचा नियम हाय हा."

नांदेडला राहणारी, रिटायर सिस्टर, आणि दुसऱ्याच्या हॉटेलात स्वतःचे नियम लावणारी बाई. मला नाव विचारायची गरज पडली नाही. मी त्यांच्याच हाताखाली काम करत होतो.

त्यांना सगळे अक्का म्हणायचे. मूळच्या उदगीरकडच्या, तिथं मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. पण बिलोली, देगलूर भागात त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना अक्काच म्हणायची. त्यांची सगळी नोकरी तिकडच्या उपकेंद्रांवर बाळंतपणं करण्यात गेली. उंचीनं बेताच्या, आवाजानं उंच. नोकरीभर पांढरं नेसावं लागलं त्याचा सूड म्हणून रिटायर झाल्यावर पोपटी, आंबा, राणी असल्या रंगांखेरीज कुठलंही लुगडं अंगाला लावलं नाही. त्या वस्तीवर येताहेत हे लांबच्या वळणावरूनच कळायचं. घड्याळ मात्र अजून नर्सचंच, खांद्याजवळ पिन लावून उलटं टांगलेलं. वेळ बघायची तर हनुवटी छातीला टेकवायच्या. समोरच्याला वाटायचं, बाई शरमल्या.

अक्का आणि शरम यांची कधी गाठ पडल्याचं मला माहीत नाही. बोलता बोलता समोरच्याची नाडी धरायची त्यांना खोड होती. कोणाचीही. एकदा एका मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही निवेदन घेऊन गेलो. साहेब म्हणाले, "त्या गावात असा प्रकार घडल्याचं आमच्या कानावर नाही." अक्कांनी टेबलावरून हात पुढं केला, साहेबांचं मनगट धरलं, हनुवटी छातीला टेकवली आणि अर्धा मिनिट ठोके मोजले. मग म्हणाल्या, "साहेब, नाडी लई पळून राहिली. बीपी हाय, का कानावर आलंय?"

साहेबांनी त्याच दिवशी माणूस पाठवला. बीपीचंही तपासून घेतलं म्हणे. होतं.

नांदेडला आमची दोन खोल्यांची संस्था होती. कुठं वस्तीवर बहिष्कार पडला, कुणाला जातीवरून मारहाण झाली, की आम्ही जायचं, माहिती घ्यायची, तक्रार लिहायची आणि ती नोंदवून घेईपर्यंत मागं लागायचं. आम्ही म्हणजे तिघं. अक्का, देगलूरचे एक वकीलसाहेब, आणि समाजकार्याची पदवी घेऊन नव्यानं आलेला मी. मी देवणी तालुक्यातला. आमच्याकडचे बैल सगळ्या देशाला माहीत आहेत. माणसांबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.

अक्का केळ्यांशिवाय गावात जात नसत. अर्धापूरची केळी, पिशवीत नीट कागदात गुंडाळलेली. कुणी बाई आपबिती सांगता सांगता रडायला लागली की अक्का तिला पाणी देत नसत, 'रडू नको' म्हणत नसत. एक केळ सोलून हातात द्यायच्या.

"रडत रडत केळ खाता येत न्हाई," त्या मला म्हणाल्या होत्या. "खाऊन बघ कधी. एक तर रडणं थांबतं, न्हाईतर केळ. दोन्हीत फायदाच हाय."

मी याची टिंगल केली होती. मला पदवी होती.

टिंगल मी ओव्हरचीसुद्धा केली. दवाखान्यात पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला सगळ्या पेशंटची हकिगत सांगते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. अक्कांनी ती पद्धत उचलून आमच्या ऑफिसात आणून ठेवली. गावाहून आलं की हातपाय धुवायचे आणि दिवे लागायच्या आत ओव्हर द्यायची. गावाला गेलेल्यानं सांगायचं, मागं राहिलेल्यानं ऐकायचं, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं, आणि शेवटी म्हणायचं, "घेतली." की जाणारा मोकळा. सकाळपर्यंत त्यानं त्या गावाचा शब्द काढायचा नाही. तोवर त्याचा फोनही अक्कांकडं.

वही होती. तिच्यात दोन रकाने. 'काय बघितलं' आणि 'काय लागलं'. लागलं म्हणजे मनाला. ओव्हर देताना विशेषणं चालत नसत. 'भयानक', 'अमानुष' असं काही मी बोललो की अक्का हात वर करायच्या. "पोट भयानक दुखतंय म्हणणाऱ्याचं मी काय करू? कुठं दुखतं, कवापासून, काय खाल्लं, ते सांग."

"पण अक्का, चळवळीत अशी सुट्टी घेऊन कसं चालेल?" मी एकदा ऐटीत विचारलं. "अन्याय काय पाचला बंद होतो?"

"न्हाई होत. म्हणून तर पाळ्या लावल्यात," अक्का म्हणाल्या. "एकटी सिस्टर चोवीस तास ड्यूटी करती ना, ती शेवटी पेशंट मारती. पेशंट न्हाई घावला तर सोताला. समाज काय तुझ्या एकट्याचा पेशंट हाय व्हय?"

पहिला रकाना मी चार-चार पानं भरायचो. दुसऱ्या रकान्यात सुंदर वळणदार अक्षरात लिहायचो, 'निरंक'. सरकारी शब्द. लागलं काही नाही.

त्यातलं एक निरंक खोटं होतं.

बिलोली तालुक्यातल्या एका गावात पोळ्यावरून वस्तीवर बहिष्कार पडला होता. तिथली रीत अशी, की मानाचा बैल पुढं, मग बाकी गावाचे, आणि वस्तीवरचे सगळ्यात शेवटी. त्या वर्षी वस्तीतल्या कमळबाईंच्या घरी नवी जोडी होती. देवणी बाजारातून आणलेली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कपाळ रुंद, चाल पाटलाची. शिंगं रंगवून कमळबाईंच्या मुलानं ती जोडी थेट मानाच्या बैलामागं नेली. वेशीतून दुसरी गेली. कुणी आडवं आलं नाही. दुसऱ्या दिवशी वस्तीची बाई दळण घेऊन गिरणीवर गेली तर मालक म्हणाला, "लाईट न्हाई." तिसऱ्या दिवशी लाईट नाही, आठव्या दिवशी लाईट नाही. गिरणीची टुकटुक गावभर ऐकू येत होती. लाईट फक्त वस्तीच्याच ज्वारीला नव्हती. बाया डोक्यावर पोती घेऊन तिसऱ्या गावाला चालत जात होत्या.

मी माहिती घ्यायला गेलो. कमळबाई उंबऱ्यात बसून सांगत होत्या, मी लिहीत होतो. फॉर्मवर एक प्रश्न होता, तो मी विचारला. "बहिष्काराआधी गिरणीवर वागणूक कशी होती?"

"दळायचा की. सगळ्यांचं झाल्यावर दळायचा," कमळबाई म्हणाल्या. "आमचं झालं की एक मूठ ज्वारी टाकायचा. गिरणी धुवायला. ते पीठ झाडून कोंबड्यांना फेकायचा."

बाकी सगळं मी लिहून घेतलं. हे तेवढं लिहिलं नाही. पेन चालत होतं, हात चालत होता, ते वाक्य मात्र कागदावर उतरलं नाही. परत आलो, ओव्हर दिली, दुसऱ्या रकान्यात निरंक लिहिलं. अक्कांनी वही बघितली, माझ्याकडं बघितलं. नाडी धरायला हात पुढं केला. मी बसचं तिकीट शोधायचं निमित्त करून हात खिशात घातला.

पुढचा महिना मी झोपलो किती आणि भांडलो किती याचा हिशोब लागत नाही. कंडक्टरनं 'पुढं सरका' म्हटलं तरी मला वाटायचं, मलाच का. घरमालकीण जिना धुवायला लागली की मी दार उघडून बघायचो, मी चढून आल्यावर धुतला का आधी. कधी ती शंका खरीही असायची, हाच तर त्रास होता. शेवटी सर्दी झाली, कामासाठी लातूरला गेलो आणि त्या हॉटेलात शिरलो.

दुसऱ्या दिवशी नांदेडला ऑफिसात पाय टाकला तेव्हा अक्का वही उघडून बसल्या होत्या. भाच्याचा फोन आलेला होता.

"सर्दी कशी हाय?"

"बरी आहे."

"माफी मागितलीस?"

"मागितली. चहाही प्यालो."

"कशात?"

"कागदी कपात."

"मग त्या चुकीचं मिटलं," अक्का म्हणाल्या. मला वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत. "पोळलेल्याला थंड तवा बी तापलेला दिसतो. त्यात त्याची गलती न्हाई. पण कुठं पोळलं ते दाखवायला नको? बोल."

"काही नाही अक्का. निरंक."

त्यांनी हनुवटी छातीला टेकवून वेळ बघितली. एक वाजला होता. दुपारी एक ते दोन अक्का झोपायच्या. ऑफिसात, एस्टीत, धरण्याच्या मांडवात, जिथं असतील तिथं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि सतरंजीवर आडव्या होऊन खरोखर झोपल्या.

तक्रारीचा पाठपुरावा सुरू होता. अधिकारी गावात येऊन बसले, कायदा वाचून दाखवला, सह्या झाल्या. गुरुवारी सकाळी गिरणी सगळ्यांसाठी सुरू होणार असं ठरलं. आम्ही तिघंही गेलो. अक्का राणी रंगाचं नेसून. पुरावा राहावा म्हणून चित्रीकरण करायचं काम माझ्याकडं होतं. उघड काढलं तर लोक बिथरतील म्हणून मी मोबाईल छातीपाशी तिरका धरला, वरून उपरणं टाकलं, आणि फक्त कॅमेऱ्याची वरची कड उघडी ठेवली. अशी हुशारी मला ऐन वेळी सुचते.

गिरणीवाला चाळिशीचा, मिशीवर पीठ बसलेला. अक्कांना बघून त्याचा चेहरा पडला.

"अक्का, तक्रारीत माझं नाव तुमी घातलं. जन्मापासून वळखता तुमी मला."

"म्हणून तर नाव बिनचूक लिहिता आलं," अक्का म्हणाल्या.

"गावाचा निर्णय व्हता. मी एकटा काय करणार?"

अक्का पोत्यावर बसल्या. आवाज चढवला नाही. त्यांचा साधा आवाजच गिरणीच्या वर जायचा. "तू पायाळू. पाय आले आधी, डोकं अडकलं. तुझी आजी बाहेर देवाला हाका मारून राहिली व्हती आणि आत माझे हात व्हते. तवा कुणी मला म्हणलं न्हाई, बाई, लाईट न्हाई म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं.

"गावात कुणाची कंबर लचकली की तुझ्याकडं येतेत. पायाळू माणसानं लाथ मारली की कंबर सुटती म्हणून. सरपंच बी आला व्हता न्हवं? त्या पायांना पहिला हात कुणाचा लागला, इचार त्याला."

गिरणीवाल्यानं मान खाली घातली आणि पट्टा चढवला. कमळबाईंची ज्वारी ओतली गेली. पीठ आलं, कमळबाईंनी डब्यात भरलं, झाकण लावलं. आणि मग, इतक्या वर्षांची सवय, गिरणीवाल्याचा हात कोनाड्यातल्या डालड्याच्या जुन्या डब्याकडं गेला. डब्यात मूठमूठ टाकायची ज्वारी. हात डब्यात गेला आणि तिथंच राहिला, कारण रांगेतले सगळे तिकडंच बघत होते. अधिकाऱ्यांच्या कागदावर या डब्याचं काहीच नव्हतं. मीच ते लिहिलं नव्हतं.

कमळबाईंनी डबा काखेला लावला.

"टाक की," त्या म्हणाल्या. "थांबलास कशाला? पण आता पाटलाचं दळण झालं की बी टाक. सरपंचाचं झालं की बी टाक. गिरणी धुवायची तर सगळ्यांच्या मागं धू."

गिरणी रिकामी फिरत होती. मूठ बाहेर आली ती उघडीच. त्यानं डब्याला झाकण लावलं. रांगेतला पुढचा म्हातारा, गावातला, खाकरला आणि म्हणाला, "वत माझं. ऊन हून राहिलं."

त्याची ज्वारी कमळबाईंच्या पिठामागून गेली. त्या गावात त्या दिवशी एवढंच झालं. टाळ्या नाहीत, कुणी चहाला बोलावलं नाही. परतताना एक जण आमच्या गाडीकडं बघून थुंकलासुद्धा.

दुपारी ऑफिसात वकीलसाहेबांनी चित्रीकरण बघायला लॅपटॉप लावला. गिरणीचा आवाज आला. संवाद एकदम स्वच्छ. आणि पडद्यावर मी. खालून घेतलेला, हनुवटी, नाकपुड्या, मागं थोडं आभाळ. मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू राहिला होता. पुराव्यासाठी मी आख्खं माझंच तोंड काढून आणलं होतं.

वकीलसाहेब म्हणाले, "मियाँ, कोर्ट पूछेगा, आरोपी हा आहे काय?" आणि आम्ही हसलो. मग कमळबाईंच्या त्या वाक्यांआधी नुसती गिरणी फिरत होती तो भाग आला. पडद्यावर माझा चेहरा कसातरी व्हायला लागला. "टाक की," असं कमळबाईंचा आवाज म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळून हनुवटीवर आलं. हनुवटीवरून एक थेंब थेट कॅमेऱ्यावर पडला. पुढचं सगळं धूसर.

मी रडलो होतो हे मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं.

वकीलसाहेबांनी लॅपटॉप हळूच मिटवला, "नमाजचा टाइम झाला," म्हणाले आणि गेले. वेळ झालेली नव्हती.

अक्कांनी वही उघडून माझ्यापुढं सरकवली. माझ्या वळणदार निरंकवर बोट ठेवलं. "हे निरंक हाय व्हय?"

आणि केळ सोलून हातात दिलं.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. रडत रडत केळ खाता येत नाही. मी दोन्ही करायला गेलो आणि ठसका लागला. मग सांगायला लागलो. 'अपमानास्पद' म्हणालो, तर त्यांनी हात वर केला. म्हणून मी सरळ सांगितलं. आमच्या गावातही गिरणी होती. मी आईबरोबर दळण घेऊन जायचो. आमचं दळून झालं की मालक एक मूठ ज्वारी टाकायचा. दुसऱ्या कुणाच्या मागं टाकायचा नाही. मला वाटायचं, यंत्राला खाऊ घालतो. चौथीत 'आमच्या गावातील गिरणी' हा निबंध आला, त्यात मी लिहिलं, 'आमचे दळण झाले की यंत्राला एक मूठ खाऊ मिळतो. आम्ही यंत्राचे लाडके आहोत.' गुरुजी माझे सगळे निबंध वर्गात वाचून घ्यायचे. हा घेतला नाही. लाल शाईनं 'छान' लिहून वही मिटवली. नववीत मला आपोआप कळलं, मूठ कशाला होती ते. आईला मात्र तो निबंध मी घरी वाचून दाखवला होता. ती चुलीपुढं बसून म्हणाली होती, "लई चांगला लिहिलास."

एवढंच होतं. एवढंसं ते मी कुठं कुठं घेऊन फिरलो होतो.

अक्कांनी नियमाप्रमाणं परत म्हणायला सुरुवात केली. "देवणीकडचं एक पोरगं. आईसंगं गिरणीवर जायचं. मालक मूठ टाकायचा. पोराला वाटायचं, आपण यंत्राचे..." इथं त्यांना हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी थांबेना. मला संताप आला. मग त्या पदराआडून म्हणाल्या, "येड्या, माझं ऐक."

नोकरीला नव्या लागल्या तेव्हा एका मोठ्या घरी बाळंतपणाला गेल्या. बाळ पुसून, गुंडाळून आजीच्या हातात दिलं. आजीनं अक्कांच्या डोळ्यांदेखत त्याला परत आंघोळ घातली. पुढच्या घरी तसंच. त्याच्या पुढच्या घरी तसंच. "मी माझ्या आईला पत्र लिहिलं," अक्का म्हणाल्या, "इकडची माणसं लई स्वच्छ हायत, लेकराला दोनदा धुतेत. आईला लिहिता येत न्हवतं, म्हणून पत्राला उत्तर आलं न्हाई. बरं झालं."

मग मीही हसलो. दोघं केळ्याच्या साली समोर ठेवून हसत होतो.

"तुमची ओव्हर कुणी घेतली?" मी विचारलं.

"नांदेडच्या दवाखान्यात एक मोठ्या सिस्टर व्हत्या, मुसलमान. इतवाऱ्यात ऱ्हायच्या. मी रडून राहिले व्हते, तर जवळ बसल्या आन् म्हणल्या, 'बोल दे बेटी, और घर जा. अब ड्यूटी मेरी.'" अक्कांनी डोळे पुसले आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "घेतली."

वहीत सही केली. "जा घरी. उद्यापर्यंत गिरणीचं नाव काढायचं न्हाई."

ते गेलं नाही. अजूनही पीठ मळताना कधी कधी येतं. पण त्या दिवसापासून ते दोघांत वाटलेलं आहे, आणि अर्धं ओझं नेता येतं. मी ते काम सोडायचं ठरवत होतो. सोडलं नाही, आणि याचं श्रेय कुणी चळवळीला देत असेल तर द्यावं. मी ते केळ्याला देतो.

आता ऑफिसातली वही माझ्याकडं आहे. नवी मुलं-मुली येतात, गावाहून परततात, दुसऱ्या रकान्यात ऐटीत निरंक लिहितात. मी मनगट धरतो. नाडी बघता येत नाही मला, नुसतं धरतो. पहिलंच केळ मी ज्या माणसाला दिलं तो मधुमेहाचा निघाला, पण तोही नंतर म्हणाला, हातात धरून बरं वाटलं.

अक्कांचे गुडघे गेले. त्या आता लातूरला भाच्याकडं असतात. दिवसभर हॉटेलात त्या पाटीखाली खुर्ची टाकून बसतात, आंबा रंगाचं नेसून, आणि गिऱ्हाइकांच्या नाड्या बघतात. भजी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हेही त्याच ठरवतात. भाचा बेजार आहे, पण गर्दी वाढली आहे.

परवा हे सगळं लिहून झालं आणि मी लातूरला गेलो. त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. डोळे मिटून, माझं मनगट धरून ऐकत होत्या. भाच्यानं न विचारता काचेच्या ग्लासात चहा आणून ठेवला. वाचून झालं. मी गप्प बसलो. असं लिहिलेलं वाचून झाल्यावर लेखकानं गप्प बसायचं असतं, समोरचा भारावलेला असतो.

"कसं वाटलं, अक्का?"

त्यांनी डोळे उघडले, माझं मनगट सोडलं.

"लांबलंय," त्या म्हणाल्या. "एवढं लिहिण्यापरीस त्या दिशी वहीत दोन वळी लिहिल्या असत्यास, तर माझ्या भाच्याचा भज्याचा घाणा तरी करपला नसता."